परग्रहावर बुद्धिमान कुणी असलं, तर आपल्याला काय? आकाशदर्शनाला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हिवाळ्यात अमावस्येच्या जवळचा शनिवार धरून आम्ही काही मराठी कुटुंबं बडोद्याबाहेर जांबुघोड्याच्या बाजूला दुर्बीण घेऊन जातो. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या गच्चीवरून आता ठळक तारे तेवढे दिसतात, त्यामुळे अंधार शोधत जावंच लागतं. गुरूचे चंद्र बघून झाले की पहिला प्रश्न येतो, ‘तिकडे कुणी असेल का हो?’ आणि त्याच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा मोठ्या माणसांकडून, ‘असलं तरी आपल्याला काय करायचंय?’ हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. अंधारात, थंडीत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सवडीने लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा. फरक पडतो की नाही?

पडतो. कुणीतरी आहे एवढं नुसतं कळलं, पुढे एक शब्द बोलणं झालं नाही, तरीही पडतो. कारण त्यातून आपल्याला आपल्या स्वतःच्या भवितव्याबद्दल अशी एक गोष्ट कळेल, जी पृथ्वीवर बसून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नाही. ती कोणती, ते ड्रेक यांच्या समीकरणाच्या प्रश्नात सांगितलं आहे. घाई असेल तर थेट तिथेच जा.

आतापर्यंत काही सापडलं आहे का?

बुद्धिमान जीवांचा खात्रीलायक पुरावा एकही नाही.

जवळपास वाटावं असे प्रसंग मात्र आले. १९६७ साली जोसेलिन बेल या तरुण संशोधिकेला केंब्रिजमध्ये ठरावीक अंतराने येणारे रेडिओ ठोके सापडले. गमतीने त्या स्रोताला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नावही दिलं गेलं. तो निघाला स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायोमधल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरदार संकेत टिपला. छापील कागदावर तो पाहून जेरी एहमन यांनी समासात ‘वॉव!’ लिहिलं. तो संकेत पुन्हा कधी आला नाही, आणि जे पुन्हा येत नाही ते तपासता येत नाही.

२०२२ मध्ये आणंदकडे आकाशातून गोळे पडले होते, ते?

नाही. मे महिन्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांत धातूचे गोळे पडले, मग आपल्या सावली तालुक्यातही एक मिळाला. त्याच सुमारास चीनच्या एका रॉकेटचा टप्पा वातावरणात परत शिरला होता, त्याचे ते अवशेष असावेत असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या गोल असतात आणि जळून न संपता खाली येऊ शकतात.

अंतरं एवढी प्रचंड आहेत की भेट होणारच नाही. मग कशाला डोकेफोड?

अंतराचं म्हणणं अगदी खरं आहे. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर. माणसाने सगळ्यात दूर पाठवलेली वस्तू म्हणजे १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ यान. ते आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचलं आहे. त्याच वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील.

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतून नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे आणि गुजरातीही. हे सांगितलं की आमच्याकडे सगळे एकदम गप्प होतात, कारण घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती बोलणारी आम्ही माणसं, आणि दोन्ही भाषा एकत्रच निघालेल्या आहेत. मराठी नमस्कारात पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा आहेत. गुजराती नमस्कारात संपर्क साधा अशी विनंती आहे. त्याच तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ज्यांनी हे पाठवलं त्यांना उत्तर येणार नाही हे पुरतं ठाऊक होतं. तरी पाठवलं, कारण आपण कोण हे दुसऱ्याला सांगायला बसलं की आधी स्वतःला ठरवावं लागतं.

आणि भेट हा एकच फायदा धरला, तर ज्ञानाचा मोठा भाग टाकूनच द्यावा लागेल. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली आलं. पृथ्वी मध्यभागी नाही हे कळून त्या वर्षी एकाही शेतकऱ्याचं पीक वाढलं नाही. पण त्यानंतर माणूस स्वतःकडे पूर्वीसारखा पाहू शकला नाही.

ते ड्रेक यांचं समीकरण काय सांगतं? त्यावर एवढा भर का?

१९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी हे दोन तारे ऐकले. आधुनिक शोधाची सुरुवात ती. पुढच्याच वर्षी त्यांनी एक समीकरण मांडलं: दरवर्षी किती तारे जन्मतात, त्यांतल्या कितींना ग्रह असतात, त्यांतले किती ग्रह जीवाला योग्य असतात, कितींवर जीव उपजतो, किती ठिकाणी त्याला बुद्धी येते, त्यांतले किती जण संकेत पाठवू लागतात, आणि शेवटी, अशी संस्कृती किती काळ टिकते. या सगळ्यांचा गुणाकार केला की आकाशगंगेत आज बोलणाऱ्या संस्कृती किती, याचा अंदाज येतो.

सुरुवातीचे आकडे आता बऱ्यापैकी माहीत आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला, २०२५ मध्ये खात्रीच्या परग्रहांचा आकडा ६००० च्या पुढे गेला. ग्रह दुर्मीळ नाहीत. मधले आकडे, जीव आणि बुद्धीचे, अजून अंधारात आहेत.

माझा जीव अडकतो तो शेवटच्या आकड्यात. समजा, आपल्या आकाशगंगेत दर शंभर वर्षांनी एक बोलणारी संस्कृती जन्माला येते. हे निव्वळ उदाहरण आहे. ती सरासरी हजार वर्षं टिकत असेल, तर कुठल्याही क्षणी आकाशगंगेत दहाच असतील. एक लाख प्रकाशवर्षं रुंदीच्या पसाऱ्यात दहा. एकीचा आवाज दुसरीपर्यंत पोचायच्या आत पहिली संपलेली असेल. पण ती एक कोटी वर्षं टिकत असेल, तर एका वेळी एक लाख संस्कृती असतील. जन्माचा वेग तोच, फक्त आयुष्य बदललं.

आता उलटा विचार करा. उद्या खरोखर एखादा संकेत आला, तर तो कुणाचा असण्याची शक्यता जास्त? अल्पायुषी संस्कृती आपल्याला योगायोगाने ऐकू येणं फार अवघड. आलेला आवाज जवळपास नक्कीच आपल्याहून कितीतरी वयस्क असणाऱ्यांचा असेल. आपण रेडिओ वापरू लागून सव्वाशे-दीडशे वर्षंच झाली, आणि त्यातल्या शेवटच्या ऐंशी वर्षांत अणुबाँब आपल्या हातात आहे. एवढी शक्ती हातात आल्यावर टिकता येतं का, याचं एकही उदाहरण आपल्यापाशी नाही. आपण स्वतःच पहिले, आणि आपला निकाल अजून लागायचा आहे. तो संकेत म्हणजे टिकता येतं याचा पुरावा असेल. त्यातला मजकूर कधीच वाचता आला नाही तरी.

यापेक्षा महत्त्वाची बातमी माणसाला कुणी बाहेरून देऊ शकेल असं मला वाटत नाही.

साठ वर्षं ऐकून काहीच आलं नाही. म्हणजे कुणी नाहीच ना?

एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये जेवणाच्या टेबलावर हेच विचारलं होतं: मग सगळे आहेत कुठे? प्रश्न पक्का आहे. पण ‘ऐकून काही आलं नाही’ यातलं ‘ऐकून’ तपासायला हवं. दिशा किती, लहरींच्या वारंवारिता किती, कुठल्या वेळी ऐकलं, संकेत किती क्षीण असला तरी पकडू शकलो असतो, हे सगळं धरावं लागतं. या शोधात आयुष्य घातलेल्या जिल टार्टर म्हणतात, की आतापर्यंतचा शोध म्हणजे सगळ्या महासागरांतून एक पेलाभर पाणी काढून बघणं. पेल्यात मासा नाही, तेवढ्यावरून समुद्र रिकामा म्हणता येत नाही.

जीव निर्माण झाला की कालांतराने बुद्धी येणारच, असं नाही का?

हा प्रश्न बडोद्यातल्या माणसाने विचारू नये, कारण उत्तर आपल्या शेजारी आहे!

बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेला असाल तर डायनोसोरची अंडी आणि हाडं पाहिली असतील. तिथल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या शिकारी डायनोसोरचं नाव ठरलं. डायनोसोर पृथ्वीवर सोळा कोटी वर्षांहून जास्त नांदले. आपली मानवजात तीन लाख वर्षांची. एवढा अवधी मिळूनही त्यांच्यातल्या कुणी दुर्बीण बांधल्याची खूण नाही. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते गेले, पण मगरींचे पूर्वज वाचले. त्यांचे वंशज आज विश्वामित्रीत आहेत, आणि पूर आला की आपल्या सोसायट्यांत येतात. मगरीला जगायला गणित लागलं नाही. उत्क्रांती बुद्धीच्या दिशेनेच चालते असं तिच्याकडे पाहून तरी म्हणता येत नाही.

पृथ्वीवर जीव साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच होता, पण बहुपेशीय प्राणी साधारण साठ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे मधला बहुतांश काळ सूक्ष्मजीवांचाच. त्यामुळे माझा स्वतःचा कल असा, की साधा जीव बऱ्याच ठिकाणी असेल आणि विचार करणारा फार थोड्या.

आणि आपण खरंच एकटे असलो तर?

तर फरक आणखी मोठा. मग हे सगळं विश्व बघून त्याचा अर्थ लावणारं दुसरं कुणीच नाही. आपण स्वतःला संपवलं तर ते एका ग्रहावरचं नुकसान राहणार नाही. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचा चुकीचा इशारा दिला, आणि स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने तो खोटा असल्याचं ठरवून पुढचा अनर्थ टाळला. एकटे असलो, तर त्या रात्री टांगणीला काय लागलं होतं याचा हिशेब मांडून बघा.

रॉबिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला. निर्जीव ग्रहापासून ताऱ्यांपर्यंत पोचलेल्या संस्कृतीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी एक फार अवघड टप्पा असणार, नाहीतर आकाश गजबजलेलं दिसलं असतं. तो टप्पा आपण पार केला असेल तर आपण भाग्यवान. तो पुढे असेल तर आपण सावध व्हायला हवं. कुठल्या बाजूला आहे हे कळण्याचा एकच रस्ता, शोधत राहणं.

नुसते जिवाणू सापडले तर? त्याचं एवढं काय?

वरचा मुद्दा धरला तर खूप काही. जीव सहज उपजतो हे ठरलं, तर तो अवघड टप्पा अजून आपल्या पुढे असण्याची शक्यता वाढते.

आपल्या जयंत नारळीकरांनी या प्रश्नात हात घातला होता. त्यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. २००९ मध्ये त्यांतून तीन नव्या जिवाणू जाती जाहीर झाल्या, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. ते जीव बाहेरूनच आले असं मात्र सिद्ध झालं नाही, आणि इस्रोने तसं स्पष्ट सांगितलंही. मला त्या कामातला हाच प्रामाणिकपणा मुलांना दाखवावासा वाटतो. २०२५ मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरने घेतलेल्या एका खडकाच्या नमुन्यात प्राचीन जीवांची संभाव्य खूण दिसल्याचं प्रसिद्ध झालं. तिथेही ‘संभाव्य’ हा शब्द सोडून बोलू नये.

त्यांची भाषा आपल्याला कळेल का?

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो भला मोठा सांगाडा टांगला आहे, त्याच्यासमोर उभं राहून हा प्रश्न विचारा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला तो प्राणी. त्याच्यासारखेच मोठा मेंदू असलेले, लांब अंतरावर आवाज पोचवणारे जीव आपल्याच ग्रहावर आहेत, आणि ते काय म्हणतात हे आपल्याला कळत नाही. २०२१ मध्ये अलास्काजवळ संशोधकांनी हम्पबॅक जातीच्या एका मादीला तिच्याच जातीची एक हाक ऐकवली. सुमारे वीस मिनिटं ती त्या हाकेला प्रतिसाद देत राहिली. या कामात परग्रहावरची बुद्धी शोधणारे लोक सामील होते, कारण अनोळखी बुद्धीशी बोलण्याचा सराव इथेच करता येतो.

१९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो इथल्या रेडिओ दुर्बिणीतून एम१३ या तारकागुच्छाकडे पाठवलेला संदेश १६७९ ठोक्यांचा होता. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, म्हणजे आयत कसा मांडायचा हे मोजणाऱ्याला समजेल. गणित सगळीकडे तेच, ही त्यामागची आशा. गणितापलीकडे आपल्याला त्यांच्याबद्दल किती कळेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही. आणि तरीही ते असल्याचं कळणं मला पुरेसं वाटतं.

आपण आवाज देऊन संकट ओढवून घेतोय का?

स्टीफन हॉकिंग यांनी असा इशारा दिला होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र आपले रेडिओ आणि रडार कित्येक दशकं बाहेर सांडतच आहेत. मुद्दाम, जोरात हाक मारणं वेगळं. २०१७ मध्ये नॉर्वेतून बारा प्रकाशवर्षांवरच्या लायटेन ताऱ्याकडे संदेश गेला. उत्तर आलंच तर २०४२ च्या आधी नाही. साऱ्या पृथ्वीच्या वतीने हाक मारायची तर सगळ्यांना विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मूठभर लोकांनी हे ठरवू नये.

संकेत आला तर उत्तर कोण देणार?

कायद्याने बांधलेलं असं कुणी नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९ मध्ये काही तत्त्वं आखली, २०१० मध्ये ती सुधारली. आधी पडताळा, मग उघड जाहीर करणं, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर न देणं. ही शास्त्रज्ञांनी स्वखुशीने पाळायची तत्त्वं आहेत.

आमच्या आजी विचारतात, मग देवाचं काय?

आजी, तुम्ही गरुडेश्वरला जाता तेव्हा ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असा जयघोष करता ना? एका ब्रह्मांडाचा नाही, अनंत कोटींचा. ज्या श्रद्धेने आधीच एवढी जागा ठेवली आहे, तिला कुठल्या ताऱ्याजवळ कुणी निघालं म्हणून धक्का बसायचं कारण मला दिसत नाही. २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांनीही परग्रहवासी मानणं श्रद्धेच्या आड येत नाही असंच सांगितलं.

हा पैसा इथल्या गरजांवर खर्च करायला नको का?

या शोधाचा पैसा फार थोडा आहे. नासाचा कार्यक्रम अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये बंद पाडला, त्यानंतर बराचसा शोध खासगी देणग्यांवर चालला. मोठ्या देणग्यांतली एक २०१५ मधली, दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलरची.

पण रक्कम लहान म्हणून चालेल, असं उत्तर मला द्यायचं नाही. बडोद्यात राहून हा प्रश्न निराळा दिसतो. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचं तळं आणि कमाटीबागेतलं संग्रहालय साधारण एकाच सुमारास उभं राहिलं. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय. आधी सगळ्यांचं पाणी, मग कधीतरी पुस्तकं, असं त्यांनी केलं नाही. ज्या रयतेला तळं हवं होतं तिलाच ग्रंथालयही हवं होतं, हे त्यांनी ओळखलं.

खरंच कळलं, तर दुसऱ्या दिवशी काय होईल?

शाळा भरेल, दूध येईल. १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या एका उल्केत जीवाश्मांसारख्या खुणा असल्याचं जाहीर झालं, अमेरिकेचे अध्यक्ष त्यावर बोलले, आणि जग आपल्या कामाला लागलं. (त्या दाव्यावर नंतर बहुतेकांचा विश्वास राहिला नाही.) बदल पिढीच्या गतीने येईल. जी मुलं ‘कुणीतरी आहे’ हे पाठ्यपुस्तकात वाचत मोठी होतील, त्यांना आपली भांडणं वेगळी दिसतील असं मला मनापासून वाटतं, पण हे सिद्ध करता येणार नाही.

मुलीला यात पुढे जायचं आहे. काय शिकावं?

भौतिकशास्त्र आणि गणित हा सरळ रस्ता. पण जीवशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, संगणक, अगदी भाषाविज्ञानही इथे लागतं, त्यामुळे दहावीनंतर लगेच दार बंद होत नाही. सुरुवातीला तिला कमाटीबागेतल्या तारांगणात न्या, मग रैयोलीला. पुढे पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, आणि खूप जवळ अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. त्यांची माउंट अबूवर वेधशाळा आहे. २०१८ मध्ये तिथल्या पॅरास या उपकरणाने सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाचा एक ग्रह शोधून काढला. तो फार तापलेला आहे, जीवाला उपयोगाचा नाही. पॅरास-२ आता त्याच डोंगरावर अडीच मीटरच्या दुर्बिणीला जोडलेलं आहे आणि त्यानेही नवे ग्रह दिले आहेत. मुलगी पदवीला येईल तेव्हा तिथे उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करता येतो का, ते जरूर बघा.